भरणीच्या खोलीतला हेवा

नोकरीची बहुतेक वर्षं मी दारूच्या खोलीत काढली, असं सांगितलं की आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलेली माणसं आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात. श्रीकांतला आता सवय झाली आहे. तो शांतपणे म्हणतो, "बंदुकीची हो, बंदुकीची." मग हसणं थांबतं आणि प्रश्न सुरू होतात. सिंगापूरमध्ये? जिथे दिवाळीला साधा लवंगी फटाका वाजवता येत नाही, तिथे?

हो, तिथेच. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, खालच्या मजल्यावर. शेजारी सर्किट बोर्ड बनवणारे होते, समोर कॅन्टीन. बाहेरून आमची जागा एखाद्या गोदामासारखी दिसायची. आत काँक्रीटचा एक लांबलचक बोगदा, त्याच्या एका टोकाला पोलादी चौकटीत घट्ट आवळलेली बंदुकीची नळी आणि दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाने आणलेली वस्तू. बुलेटप्रूफ काच, अंगात घालायचं जाकीट, गाडीचं दार. त्यावर गोळी झाडायची आणि ती थांबते की आरपार जाते ते लिहून द्यायचं, हा आमचा धंदा. गोळी झाडायची तीसुद्धा जाड भिंतीआडून, बटण दाबून. आमच्याकडे बंदूक खांद्याला लावून कुणीच कधी उभं राहिलं नाही. या कामासाठी किती परवाने लागतात आणि तपासणीला किती माणसं येतात ते सांगत बसले तर मंडळाचा हा अंक त्यातच संपेल.

माझं काम गोळी झाडण्याच्या आधीचं. काडतुसं भरायचं. आमची काडतुसं बाजारातून तयार आणून चालत नसत. चाचणीचा नियम सांगतो की अमुक गोळी अमुक वेगानेच आदळली पाहिजे. थोडी हळू गेली तर कच्चं जाकीट पास होईल, थोडी जोरात गेली तर चांगलं जाकीट नापास. म्हणून वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, साफ करायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, आत मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हे सगळं हाताने, एकेक. यात सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न एकच, दारू कुठली घ्यायची.

लोकांना वाटतं दारू म्हणजे दारू, जास्त घातली की जास्त जोर. तसं नसतं. ही दारू जळते, आणि किती वेगाने जळते यावर सगळं अवलंबून असतं. चुलीत कागद टाकला तर भक्कन पेटून संपतो, लाकडाचा ओंडका सावकाश धग देत राहतो. पिस्तुलाची नळी असते वीतभर. गोळी क्षणात बाहेर पडणार, तेवढ्यात दारू जळून संपली पाहिजे. म्हणून तिथे कागदासारखी, चटकन जळणारी. रायफलची नळी लांब आणि केस मोठी, त्यामुळे तिथे गोळीला शेवटपर्यंत ढकलत नेणारी सावकाश दारू. छऱ्यांच्या बंदुकीची नळी लांब असली तरी रुंद असते आणि तिचं काडतूस प्लास्टिकचं, फार दाब न सोसणारं. तिथे पुन्हा चटकन जळणारी, पण हलकी आणि फुललेली, काडतूस नीट भरेल अशी. दिसायलाही या दारू वेगवेगळ्या असतात. काही पापुद्र्यांसारख्या, काही मोहरीहून बारीक दाण्यांच्या, काही शेवयांच्या चुऱ्यासारख्या काड्या. रायफलच्या केसमध्ये पिस्तुलाची दारू गेली, तर चुलीत ओंडक्याच्या वजनाइतका कागद एकदम पेटवल्यासारखं होईल. पोलादी नळीसुद्धा ते सोसत नाही.

हे मी पुण्यात शिकले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, एका सरकारी प्रयोगशाळेत काही वर्षं काढली, मग श्रीकांतच्या नोकरीमागे इथे आले. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मुलगी सांभाळत बसले असताना ही जाहिरात दिसली. मालक मिस्टर टॅन मुलाखतीत म्हणाले, "माझ्याकडे इंजिनियर पुष्कळ आहेत, पण दारूला हात लावायला सगळे घाबरतात." मी म्हटलं, "घाबरलंच पाहिजे. मीही घाबरते." त्या एका उत्तरावर नोकरी मिळाली असं ते नंतर सांगत.

पुढची बरीच वर्षं त्या खोलीत माझं राज्य होतं. लिटल इंडियातल्या एका सराफाने दुकानासाठी काच घेतली होती आणि विकणाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. छऱ्यांच्या बंदुकीने उडवून बघा म्हणाला. बायको, मेहुणी, दुकानातला मॅनेजर अशी वरात घेऊन आला. सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. मी दोन जातींच्या दारू वापरून बघितल्या, तिसरी पसंत पडली, ती भरली. धडाम् झालं. काच तडकली पण फुटली नाही. सराफ टाळ्या वाजवायला लागला. नंतर ती तडकलेली काच त्याने चौकट करून दुकानात लावली. खाली माझं नाव लिहू का, असं विचारलं. मी नको म्हटलं, पण त्याने विचारलं याचा आनंद मला पुढे बरेच दिवस पुरला.

मग अनघा आली.

अनघा मूळची मुंबईची, इथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करून दोन वर्षं तिथेच संशोधन करत होती. विषय ज्वलन. माझ्याहून बरीच लहान. मिस्टर टॅननी तिला माझ्या हाताखाली घेतलं आणि मला म्हणाले, "मॅडम वसुधा, तुमच्याच भाषेची मुलगी आहे, ट्रेन हर, ओके?" मला आधी आनंदच झाला. डब्यातली भाजी वाटून घ्यायला, मराठीत बोलायला कुणीतरी मिळालं. पहिल्या आठवड्यात ती माझ्यामागे "वसुधाताई, वसुधाताई" करत फिरली. दुसऱ्या आठवड्यात सगळी प्रयोगशाळा तिच्यामागे फिरायला लागली.

तिला माणसं जोडायला प्रयत्नच करावा लागत नसे. गोळी झाडायचं बटण दाबणारा सेल्वम, जो माझ्याशी "गुड मॉर्निंग मॅडम"च्या पलीकडे कधी गेला नव्हता, तो तिला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगायला लागला. कॅन्टीनमधली बाई तिच्या नूडल्समध्ये न मागता जास्त मिरची घालायची. मिस्टर टॅन तिच्या विनोदांवर हसायचे. मी इतकी वर्षं त्यांना हसवायचा प्रयत्न केला नव्हता हे खरं, पण ते हसू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं.

एक जाकीटवाला यायचा. शेजारच्या देशातून माल आणायचा, गोड बोलायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, जरा मऊ दारू नाही का? नियमात बसेल, पण अगदी खालच्या टोकाला?" म्हणजे गोळी चालेल तितकी हळू हाणा आणि माझं जाकीट पास करा. मी त्याला सरळ सुनावलं की हे दुकान नाही, प्रयोगशाळा आहे. तो चिडून मिस्टर टॅनकडे गेला. मग त्यांनी अनघाला पाठवलं. ती हसत हसत म्हणाली, "अंकल, कॅन. खालच्या टोकाला करू. पण मग रिपोर्टवर वेग मोठ्या अक्षरात छापावा लागेल. तुमच्या गिऱ्हाइकाने विचारलं, इतका कमी का, तर काय सांगाल?" तो तिच्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. मधल्या वेगाने झाडलं, जाकीट नापास झालं. काही महिन्यांनी तो सुधारलेलं जाकीट घेऊन परत आला आणि सोबत अननसाच्या टार्ट्सचा डबा. डबा अनघाला. मी समोरच उभी होते.

"घ्या ना ताई," अनघाने झाकण उघडून डबा पुढे केला.

"मला गोड चालत नाही," मी म्हटलं. मला गोड उत्तम चालतं.

पण टार्ट्स आणि विनोद मी सोडून दिले असते. मला खरं लागलं ते रायफलच्या दारूवरून.

रायफलसाठी मी निवडलेली दारू बारीक दाण्यांची होती. मापातून पाण्यासारखी पडायची, भरायला सोपी. तिचा एक दोष मला माहीत होता, तापमान बदललं की तिचा वेग बदलायचा. आमच्या काही चाचण्या काडतूस तापवून किंवा गार करून घ्याव्या लागत आणि तेव्हा मी दारूचं वजन थोडं इकडे-तिकडे करून जमवून घ्यायचे. त्यात माझा हात बसला होता. अनघाने एके दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं की आपण दारूच बदलून बघू. तिने सुचवली ती काड्यांची.

मी म्हटलं, "काड्या मापात नीट पडत नाहीत. अडकतात. दर वेळी वजन वेगळं येईल."

"येईल ताई, म्हणून शेवटच्या काड्या हाताने घालून प्रत्येक काडतूस काट्यावर पक्कं करू. वेळ जास्त जाईल, पण वेग स्थिर राहील असं मला वाटतं."

"वाटतं," मी म्हटलं. तो शब्द मी ज्या सुरात उच्चारला तो सूर अजून माझ्या कानात आहे.

मिस्टर टॅन इथल्या सवयीचं 'लाह' जोडून म्हणाले, "ट्राय लाह. ट्राय करायला काय जातं?"

करून बघितलं. गरम, गार, साधी, तिन्ही तऱ्हेची काडतुसं झाडली. पडद्यावर वेगाचे आकडे एकाखाली एक यायला लागले, आणि ते शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींसारखे सरळ होते. माझ्या दारूचे आकडे त्यांच्या शेजारी मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे वाटत होते. सेल्वम म्हणाला, "वाह!" मिस्टर टॅन म्हणाले, "वाह!" मीही म्हटलं, "छान."

त्या दिवसापासून रायफलला काड्यांची दारू आली, आणि तिच्याबरोबर एक आवाज आला. माप म्हणजे वर दारूचं भांडं आणि खाली एक दांडा. दांडा खाली ओढला की ठरलेली दारू केसमध्ये पडते. काड्यांची दारू असली की दांडा फिरताना मधल्या काड्या कापल्या जातात आणि बारीक करकर होते, साबुदाण्याची पापडी दाताखाली आल्यासारखी. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका हलका आवाज. पण मला तो सगळ्या गोंगाटात ऐकू यायचा. दर वेळी करकर झाली की मला ते सरळ रांगेतले आकडे दिसायचे.

घरीही सुटका नव्हती. माझी मुलगी इरा तेव्हा कॉलेजात होती. एकदा अनघा घरी जेवायला आली आणि दोघींची गट्टी जमली. पुढच्या रविवारी इरा तिच्याबरोबर बोटीने पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेली. इरा, जी माझ्याबरोबर खालच्या बाजारात यायलाही कंटाळायची! संध्याकाळी चिखलाने माखून परत आली.

"कशी झाली ट्रिप?" मी विचारलं.

"आई, शी इज सो कूल, लाह. तिने मला तुमचं सगळं काम समजावलं. फायनली आय गेट इट, तू काय करतेस ते."

"मी सांगितलं होतं की तुला."

"तू सांगतेस तेव्हा ते रागावल्यासारखं वाटतं."

श्रीकांत वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अनघाला समजावून सांगायची हातोटी आहे खरी." त्या रात्री मी भाजीत मीठ घालायला विसरले आणि कुणाला काही बोलू दिलं नाही.

आता घडलं ते सांगते.

आमच्याकडे भरणीच्या खोलीत एका वेळी एकच माणूस दारूजवळ बसायचा. शेजारच्या खोलीत दुसरा माणूस केस साफ करून, प्रायमर बसवून द्यायचा आणि मधल्या झडपेतून ट्रे सरकवायचा. त्या दिवशी आत अनघा होती आणि झडपेच्या अलीकडे मी. सकाळी तिने पिस्तुलाची काडतुसं भरली होती, बारीक दाण्यांची चटकन जळणारी दारू वापरून. ती संपता संपता मिस्टर टॅननी तिला बोलावलं. कुठल्यातरी गाडीच्या दारांची मोठी ऑर्डर होती आणि गिऱ्हाईक तिच्याशीच बोलायचं म्हणत होतं. अर्थात. ती गेली, बऱ्याच वेळाने परत आली. तोवर त्याच गिऱ्हाइकासाठी रायफलची काडतुसं हवी झाली होती, लगेच. तिने पिस्तुलाच्या दारूचा डबा कपाटात ठेवला, रायफलचा काढला, मापाच्या भांड्यात ओतला आणि कामाला लागली.

मी केसमध्ये प्रायमर दाबत होते. दांड्याचा आवाज येत होता, खाली, वर, खाली, वर. माझं हाताचं काम चालू होतं आणि मनात नेहमीचं चाललं होतं की हल्ली गिऱ्हाइकंसुद्धा हिच्याशीच बोलणार, आपण टिकल्या बसवायच्या.

मग माझ्या लक्षात आलं की करकर होत नाहीये.

मी हात थांबवला. दांडा मऊपणे फिरत होता, लोण्यातून सुरी फिरावी तसा. काड्या असत्या तर तसा फिरला नसता. मी झडपेतून बघितलं. टेबलावर डबा रायफलच्याच दारूचा होता. अनघा प्रत्येक केस काट्यावर तपासत होती. वजन बरोबर असावं, कारण ती पुढे जात होती. सगळं नियमाने चाललेलं दिसत होतं.

मला खात्री नव्हती. आणि खात्री नसताना बोलायचं म्हणजे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या पोटातलं त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. सेल्वमला, टॅनना, कदाचित कॅन्टीनवालीलाही. मी आत जाऊन "थांब" म्हटलं आणि काही निघालं नाही, तर वसुधा मॅडम आता आवाजातसुद्धा चुका काढतात असं झालं असतं. आणि दुसरं एक होतं. नळी भिंतीपलीकडे, पोलादी चौकटीत. फुटली असती तरी माणूस मेला नसता. फक्त नळी गेली असती आणि अनघा गेली असती. चौकशी, परवाना, नोकरी, इथे राहायचा तिचा पास, सगळं एका आवाजात. हा विचार माझ्या मनात आला. मी तो बोलावला नव्हता, पण तो आला आणि जरा टेकला.

मग तिने गोळ्यांचा डबा जवळ ओढला. एकदा गोळी दाबून बसवली की आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. मी उठले, दार उघडलं.

"अनघा, हात थांबव."

तिने वर बघितलं. कपाळावर एक आठी होती, मी ओळखते ती आठी. आता काय काढलं हिने, अशी. "काय झालं ताई?"

"टॉर्च दे."

रायफलच्या केसमध्ये काड्यांची दारू घातली की ती जवळजवळ गळ्यापर्यंत येते. मी ट्रेवरच्या भरलेल्या केसमध्ये प्रकाश टाकला. दारू खूप खाली बसलेली होती. त्यातली एक केस मी पांढऱ्या कागदावर उपडी केली. बारीक, गोल, चकचकीत दाणे. एकही काडी नाही.

अनघा उभी राहिली. मग तिने मापाच्या भांड्याकडे बघितलं आणि तिला उलगडलं. आमचं भांडं जुनं होतं, आतून तपकिरी पडलेलं, बाहेरून काही नीट दिसायचं नाही. सकाळची पिस्तुलाची दारू तळाशी तशीच राहिली होती. घाईत ती रिकामी करायची राहून गेली, आणि तिच्यावर तिने काड्यांची दारू ओतली. वरून झाकण उघडून बघितलं तर काड्याच दिसणार. खालून पडत होते ते दाणे. आणि काट्यावर वजन बरोबर येईपर्यंत तिने स्वतःच माप जुळवून घेतलं होतं. मग दाणे दर वेळी नेमके पडत गेले, हाताने काडी घालायची वेळच आली नाही. काटा वजन सांगतो, कशाचं ते सांगत नाही.

"गोळ्या बसवायलाच घेतल्या होत्या मी," ती हळूच म्हणाली.

"हो."

"ताई, तुम्हाला कसं कळलं?"

"करकर आली नाही."

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. नजर कागदावरच्या दाण्यांवरून हलत नव्हती. मी पाणी आणून दिलं. खरं सांगते, त्या वेळी मला तिची फार दया आली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दया करण्यात किती सुख असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "सगळं गोळा करू. ट्रे, भांडं, डबा. सरमिसळ झालेली दारू वेगळी ठेवून नष्ट करायला देऊ. गोळी बसली नाही, काही झालं नाही."

म्हणजे कुणाला सांगायची गरज नाही, असं मी तिला सुचवत होते. आणि मला वाटत होतं की आता आयुष्यभर ही माझ्या उपकाराखाली राहील.

अनघाने पाणी संपवलं आणि उठली. "टॅनना सांगून येते," म्हणाली. आणि सरळ गेली. त्या गाडीवाल्या गिऱ्हाइकासमोर, सेल्वमसमोर तिने सांगितलं की मी चूक केली, भांडं रिकामं केलं नाही, वसुधाताईंनी थांबवलं नसतं तर नळी फुटली असती. आजचं काम होणार नाही, माफ करा.

मिस्टर टॅन माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाले, "मॅडम, थँक यू, थँक यू." सेल्वमने सलाम ठोकला. मी दिवसभर हवेत होते. इतक्या वर्षांनी तराजू माझ्या बाजूला झुकला होता.

तो संध्याकाळपर्यंत झुकलेला राहिला. मग ते गिऱ्हाईक जाताना टॅनना म्हणालं, "जी मुलगी आपली चूक माझ्या तोंडावर सांगते, तिच्या रिपोर्टवर माझा विश्वास आहे. सगळी दारं तिच्याकडेच द्या." ऑर्डर दुपटीने वाढली. पुढे तपासणीला आलेल्या मंडळींनी तिने लिहिलेला अहवाल वाचून आमच्या प्रयोगशाळेचं कौतुक केलं. जुनं भांडं जाऊन काचेसारखं स्वच्छ नवं आलं. काम संपलं की रिकामं भांडं झडपेतून दुसऱ्या माणसाला दाखवायचं असा नियम झाला, तोही तिनेच सुचवलेला. आणि वर्षभराने एका परिषदेत तिला याच विषयावर बोलायला बोलावलं. मी प्रेक्षकांत होते. पडद्यावर आमच्या मापाचं चित्र आलं आणि खाली ओळ होती, "एका सहकाऱ्याला आवाजातला फरक जाणवला." एका सहकाऱ्याला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही ओळखता का तिला?"

चूक तिने केली, पकडली मी, आणि मोठी झाली ती. मी कितीदा तरी मनात हिशोब मांडून बघितला, दर वेळी उत्तर हेच. वर रागवायला जागा नाही, कारण तिने कुठे काही खोटं केलं नव्हतं. खोटं करणाऱ्याचा राग तरी करता येतो.

टॅननी प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिला नेमलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मी तिच्या हाताखाली आणखी काही वर्षं काम केलं आणि निवृत्त झाले. ती चांगली साहेब होती. हेही मला सांगावं लागतंय.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं आहे. जाण्याआधी भेटायचं म्हणाली. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, भेटलो, दुपारच्या गर्दीत. तिने दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं, इराची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी झडपेतून मला तुमचा हात थांबलेला दिसला होता. तुम्ही बराच वेळ तशाच बसला होतात."

मी कोपी ढवळत राहिले. "हो."

"मला वाटलं, माझी चूक शोधताहेत."

"शोधतच होते," मी म्हटलं. आता लपवून काय करायचं होतं?

ती हसली. रागाचं हसू नव्हतं. "मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण ताई, तुम्हाला एक माहीत नाही. मी प्रमुख झाले तरी टॅन माझ्या कुठल्याही रिपोर्टवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. 'मॅडम वसुधा ओके?' मी एवढी आकडेमोड करून न्यायचे, आलेख काढून न्यायचे. ते बघायचेसुद्धा नाहीत. मॅडम वसुधा ओके? मग सही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवसापर्यंत."

"मला कधी कुणी सांगितलं नाही."

"मी कशाला सांगेन?" ती म्हणाली. मग कपाकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाली, "मला तुमचा फार हेवा वाटायचा."

मला शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला होता. तरी मी पुढे वाकले, कानामागे हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणालीस? इथे फार गोंगाट आहे. जरा मोठ्याने सांग."